पेन्शनर आणि माझा उजवा पाय

माझा उजवा पाय माझ्या एकट्याच्या मालकीचा नाही, तो धंद्याचा आहे. मी मोटार चालवायला शिकवतो. शिकणारा चाकामागे बसतो, मी शेजारी बसतो आणि माझ्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घाबरून भलतंच काही दाबलं की मी तो शांतपणे दाबायचा, अशी ही सोय. अर्धं आयुष्य त्या ब्रेकवर गेल्यामुळे हा पाय आता मला विचारत नाही. सिनेमाला गेलो आणि पडद्यावरची गाडी जोरात वळणावर आली की तो पुढच्या खुर्चीतल्या माणसाच्या पाठीत जातो. न्हाव्याने वस्तरा गळ्याशी आणला की तो ताठ होतो. जेवणाच्या टेबलावर आमची ही माझ्याबद्दल काही स्पष्ट बोलायच्या बेतात आली की तो टेबलाखाली तिच्या पायावर पडतो. एरवी मी सज्जन माणूस आहे.

या पायाने मला घोड्यावर बसवलं. कसं, ते सांगतो. लोकांनी आपापल्या परीने ते सांगायला सुरुवात केलीच आहे, तर मूळ माणसाकडून एकदा ऐकलेलं बरं.

आमच्या लेकीला नोकरी लागली. पाण्याचे पंप बनवणारी कंपनी, पगार बरा, काम फिरतीचं. कंपनी गाडी देणार, लेक ती घेऊन गावोगाव जाणार आणि बिघडलेले पंप बघणार. अट एवढीच की गाडी चालवायचा परवाना हवा. मोटार शिकवणाऱ्याच्या मुलीला ही काय अट झाली, असं मी दुकानात आलेल्या चार लोकांना हसत हसत सांगितलं आणि त्यानंतर लेक परवान्याच्या परीक्षेत नापास झाली. पुन्हा बसली, पुन्हा नापास झाली.

डॉक्टरच्या घरात कोणी आजारी पडलं तर लोक हळहळतात. मोटार शिकवणाऱ्याची मुलगी नापास झाली तर लोक त्याच्या दुकानासमोर चाल मंद करतात आणि पाटी वाचतात. माझ्या पाटीवर ‘खात्रीशीर’ हा शब्द आहे. तो पुसावा की कसं, याचा विचार मी त्या आठवड्यात रोज करत होतो.

मी परवाना कार्यालयात जाऊन निरीक्षकांना गाठलं. ते म्हणाले, “मुलगी गाडी उत्तम चालवते हो. पण थांबायची वेळ आली की माझ्याकडे बघते. मी शेजारी नुसता बसलेलो. माझ्याकडून तिची काय अपेक्षा आहे तेच मला कळेना.”

हे मी घरी जेवताना सांगितलं. लेकीने हातातला चमचा खाली ठेवला.

“बाबा, मी आजवर एकदाही ब्रेक लावलेला नाही,” ती म्हणाली. “मी लावायच्या आधी तुम्ही लावलेला असतो. मला वाटायचं गाडी आपली आपण थांबते.”

“मी तुझ्या भल्यासाठी लावतो.”

“मग आता माझ्या भल्यासाठी मी समोर नाव घालते.”

समोर म्हणजे रस्त्याच्या पलीकडे. तिथे आणखी एक मोटार शिकवण्याचं दुकान आहे. त्याच्या मालकाला आम्ही घरात ‘समोरचा’ म्हणतो, नावाने त्याला मोठं करत नाही. त्याला गाडी शिकवली मी. चाक कुठल्या हाताने धरायचं इथपासून शिकवलं. त्याने त्याचे पांग माझ्या दारासमोर पाटी लावून फेडले, तीही माझ्या पाटीपेक्षा हातभर मोठी. आणि आता माझी स्वतःची मुलगी त्याच्या गाडीत बसणार, ती गाडी माझ्या खिडकीसमोरून जाणार आणि समोरचा मला हात करणार.

दुसऱ्या दिवशी हा वाद दुकानातही चालू राहिला. त्या वेळी माझी एक विद्यार्थिनी तिथे तिच्या तासासाठी येऊन बसली होती. गावाबाहेरच्या घोड्यांच्या शाळेत ती घोड्यावर बसायला शिकवते. आम्ही तिला मॅडम म्हणतो आणि ती मला सर म्हणते. मॅडम गाडीत फार अवघड विद्यार्थिनी. गतिरोधक आला की ती सीटवरून किंचित उठते, पुढे झुकते आणि चाक सैल सोडते. गाडीने नीट वळण घेतलं की तिच्या डॅशबोर्डला थोपटते. मी तिला कितीदा सांगितलं होतं, मॅडम, हे यंत्र आहे, याला शाबासकी लागत नाही.

आमचं भांडण तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, “सर, तो पाय माझ्याकडे पाठवा.”

“म्हणजे?”

“घोड्याला ब्रेक नसतो. तुमच्या बाजूलाही नसतो आणि माझ्या बाजूलाही नसतो. महिनाभर या. आडवी दांडी ओलांडायला शिकलात की पाय सुधारेल.”

मी हसलो. आणि पुढे मी जे वाक्य बोललो ते मला आजही झोपेतून उठवतं. मी म्हणालो, “दांडी ओलांडण्यात काय आहे? उडी घोडा मारतो. आपण नुसतं बसायचं.”

लेकीने ते वाक्य हवेतल्या हवेत झेललं. “ठरलं,” ती म्हणाली. “पुढची परीक्षा महिन्यानंतर आहे. तोवर तुम्ही उजवा पाय न हलवता एक दांडी ओलांडून दाखवा. मी तुमच्याच गाडीत बसेन. नाही जमलं तर मी समोर जाईन आणि तुम्ही त्यावर एक शब्द बोलायचा नाही.”

मॅडमच्या समोर, विद्यार्थ्यांच्या समोर आणि खिडकीतून डोकावणाऱ्या समोरच्याच्या समोर मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

बातमी इमारतीत माझ्या आधी पोहोचली. वरच्या मजल्यावर एक निवृत्त काका राहतात. ते तरुणपणी थंड हवेच्या ठिकाणी सहलीला गेले असताना तासभर तट्टावर बसले होते आणि त्या तासाच्या जोरावर त्यांनी आजवर बऱ्याच विषयांवर मत दिलेलं आहे. ते बनियनवरच खाली आले. “घोड्याला तुमची भीती वाटली पाहिजे,” ते म्हणाले. “पहिल्याच भेटीत डोळ्यात डोळे घालून बघा. जो आधी नजर काढील तो नोकर.”

शेजारच्या काकूंना घोड्यापेक्षा माझ्या बैठकीची काळजी होती. त्यांच्या भाच्याला घोड्यावर बसल्यानंतर आठवडाभर उभ्याने जेवावं लागलं होतं. “आतून काहीतरी मऊ शिवून घ्या,” त्या म्हणाल्या. हिला ते एकदम पटलं. आमच्या जुन्या गाडीच्या सीटमधला स्पंज माळ्यावर पडून होता. माझी खाकी विजार घेऊन ही शिवायला बसली. मी नको म्हणालो, पण माझ्या विजारीच्या बाबतीत माझं मत या घरात पूर्वीही कधी विचारात घेतलं गेलेलं नाही.

घोड्यांच्या शाळेच्या कार्यालयात वेगळीच अडचण निघाली. नवशिक्यांची तुकडी फक्त मुलांची होती आणि त्यामुळे अर्जही मुलांचाच होता. तिथल्या कारकुनाने माझा अर्ज उलटसुलट पाहिला आणि परत केला.

“पालकाची सही नाही.”

“मी स्वतः पालक आहे,” मी म्हणालो.

“तुम्ही विद्यार्थी आहात. पालकाच्या सहीशिवाय घोडा मिळत नाही. उद्या तुम्ही पडलात तर आम्ही कळवायचं कोणाला?”

“माझे आईवडील आता नाहीत.”

कारकुनाला वाईट वाटलं. त्याने मला बसायला खुर्ची दिली, पण नियम सोडला नाही. “मग सांभाळणारं कोण आहे?”

ही त्या दिवशी बरोबर नव्हती. लेक होती. तिने माझ्या हातातून पेन घेतलं, पालकाच्या जागी झोकात सही ठोकली आणि नात्याच्या रकान्यात ‘मुलगी’ असं लिहिलं. कारकुनाने ते वाचलं, थोडा विचार केला आणि शिक्का मारला. खाली ‘पाल्य उपद्रवी आहे का’ असा एक प्रश्न होता. त्याचंही उत्तर तिने लिहिलं, मला दाखवलं नाही.

मला मिळालेल्या घोड्याचं नाव पेन्शनर. तो पूर्वी शर्यतीत धावायचा असं सांगतात. जिंकायचा असं कोणी सांगत नाही. रंग तपकिरी, पाठ मधोमध थोडी खाली गेलेली, आणि चेहऱ्यावर खिडकी बंद व्हायच्या वेळेला आलेल्या माणसाकडे कार्यालयात बघतात तसा भाव. मी काकांच्या सांगण्याप्रमाणे त्याच्या डोळ्यात डोळे घातले. त्याने बराच वेळ माझ्याकडे बघितलं, मग जांभई दिली. नजर मी काढली, कारण जांभईला वास होता.

चढायला मुलांसाठी ठेवलेली लाकडी पायरी होती. मी तिच्यावर उभा राहून डावा पाय रिकिबीत, म्हणजे खोगिराला लोंबणाऱ्या लोखंडी कडीत, घातला, उजवा पलीकडे टाकला आणि बसलो. बसल्यावर मी सवयीने आधी आरसा शोधला. मग पट्टा शोधला. माझ्यापुढे तट्टावर बसलेली, पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी हे सगळं वळून बघत होती. ती मॅडमना म्हणाली, “आजोबांना सांगा ना, ही बस नाहीये.” माझे केस कानांवरच काय ते पांढरे आहेत. ते शिरस्त्राणाखाली झाकलेले होते. तरीही ती आजोबा म्हणाली.

पहिला आठवडा नुसतं चालण्यात गेला. वळताना मी हाताने इशारा करायचो. मागून येणाऱ्या तट्टांना त्याचा अर्थ कळत नव्हता, पण शिस्त ती शिस्त. दुसऱ्या आठवड्यात दुडकी आली. दुडकी म्हणजे घोड्याला घाई नाही आणि बसणाऱ्याला चैन नाही अशी चाल. तिच्यात घोड्याच्या प्रत्येक उसळीला आपण खोगिरावरून उठायचं आणि पुन्हा बसायचं असतं. ते बरोबर वेळेला केलं तर पाळण्यात बसल्यासारखं वाटतं असं मॅडम सांगायच्या. मी चुकीच्या वेळेला करत होतो. मी खाली येताना पेन्शनर वर यायचा आणि आमची वाटेत गाठ पडायची.

त्यातच स्पंजाने घात केला. उठबस करताना हिची शिवण उसवली आणि तो भला थोरला पिवळा तुकडा विजारीच्या पायातून हळूहळू खाली सरकत घोट्यापाशी आला. मला आधी वाटलं माझंच काहीतरी निखळलं. मग तो मैदानावर पडला. पेन्शनरने आयुष्यात शर्यतीचे घोडे पाहिले, गर्दी पाहिली, पण माणसाच्या आतून स्पंज निघालेला पाहिला नव्हता. तो जो आडवा उडाला तो थेट पाण्याच्या टाकीपर्यंत. मी त्याच्या मानेला मिठी मारून होतो. दात पडलेली मुलगी तो तुकडा उचलून घेऊन आली आणि अदबीने म्हणाली, “आजोबा, तुमचं हे पडलं.”

सांगायची गोष्ट म्हणजे, त्या दिवसानंतर मी सुधारलो. आत स्पंज नसल्यामुळे असेल, पण घोडा कधी वर येतो ते मला कळायला लागलं. मी घरीही सराव सुरू केला. सोफ्याच्या हातावर बसायचं, हिची ओढणी लगाम म्हणून खिडकीच्या गजाला बांधायची आणि तोंडाने ताल धरून उठबस करायची. एकदा मी असा ऐन दुडकीत असताना समोरचा चुकून आमच्याकडे आलेलं त्याचं एक पत्र मागायला दारात उभा राहिला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग ओढणीकडे. मी थांबलो नाही, कारण मॅडम म्हणायच्या की मधेच थांबलं की लय जाते. तो गेल्यावर ही म्हणाली, “दार तरी लावत जा हो.”

महिना संपत आला तेव्हा मॅडमनी दांडी आणली. दोन खांबांच्या खाचांत ठेवलेली, पांढरे-लाल पट्टे ओढलेली, माझ्या गुडघ्याच्याही खाली. ती दांडी मी चालत ओलांडू शकलो असतो. मी तसं म्हणालोही. मॅडम म्हणाल्या, “दांडी जवळ आली की खोगिरावरून थोडं उठा. पुढे झुका. हात घोड्याच्या मानेवर पुढे न्या, लगाम सैल सोडा. आणि दांडीकडे बघू नका, तिच्या पलीकडे बघा.”

मी हे मनात घोळवलं आणि चमकलो. “मॅडम, हे तुम्ही गतिरोधकावर करता तेच आहे.”

“हो ना.”

“म्हणजे तुम्ही गाडीत जे चुकीचं करता ते मी इथे करायचं?”

“आणि तुम्ही गाडीत जे बरोबर करता ते इथे अजिबात करायचं नाही,” त्या म्हणाल्या.

आम्ही निघालो. दुडकी सुरेख लागली होती. दांडी जवळ आली. ती पांढरी-लाल होती, आडवी होती, आणि रस्त्यात होती. माझ्या उजव्या पायाने धंदा केला. तो सरळ पुढे ताठ झाला, त्यामुळे माझं बूड मागे गेलं, त्यामुळे हात मागे आले, त्यामुळे लगाम ताणला आणि पेन्शनर जिथल्या तिथे उभा राहिला. थांबणं हा त्याचा आवडता विषय, त्याला पुन्हा सांगावं लागत नाही. मी मात्र थांबलो नाही. मी त्याच्या मानेवरून घसरत जाऊन दांडीच्या पलीकडे मऊ वाळूत बसलो.

लेक कठड्याशी उभी होती. मी कपडे झटकत म्हणालो, “ओलांडली की नाही?”

“घोडा इकडेच आहे,” ती म्हणाली.

“अटीत घोड्याचा उल्लेख नव्हता.”

“होता. आणि पायाचाही होता.”

त्या आठवड्यात मी त्या दांडीवरून एकटा इतक्यांदा गेलो की पेन्शनरने पुढे पुढे दुडकीचा त्रासही घेणं सोडलं. तो दांडीपर्यंत चालत यायचा, थांबायचा आणि मला उतरायला मान खाली करून द्यायचा. मॅडम माझ्या पायात दोष शोधत होत्या. काकांनी सुचवलं की उजवा पाय रिकिबीला दोरीने बांधा. काकूंनी सुचवलं की घोडाच बदला. ही काही सुचवत नव्हती. ती नुसती रोज संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी आणून माझ्या कमरेखाली ठेवायची आणि दुसरीकडे बघून हसायची.

शेवटच्या दिवशी मी निघालो तेव्हा मला हरल्यासारखं वाटत होतं. उद्या लेक समोर नाव घालणार होती. आदल्या दिवशीच तिने रस्ता ओलांडून तिथल्या तासांच्या वेळा विचारून घेतल्या होत्या, आणि समोरच्याने तिला खुर्ची देऊन बसवलं होतं. हे मला न्हाव्याने सांगितलं, तेव्हाही पाय ताठ झाला.

मॅडमनी त्या दिवशी मला दांडी दाखवलीच नाही. त्यांनी लेकीला हाक मारली आणि मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला, दांडीच्या बरोबर सरळ रेषेत नेऊन उभं केलं. मला म्हणाल्या, “सर, मुलीकडे जायचंय. मधे काय आहे त्याच्याशी तुम्हाला काही देणंघेणं नाही. ते पेन्शनरचं काम आहे.”

मी पेन्शनरला टाच मारली. दुडकी लागली. लेक समोर उभी होती, हाताची घडी घातलेली, केस वाऱ्याने तोंडावर आलेले. ती लहान असताना दुकानासमोरून शाळेच्या गाडीत बसायची तेव्हाही अशीच घडी घालून उभी राहायची. मला तेव्हा एकदम कळलं की मला या दांडीची भीती नव्हतीच. ही पोरगी कंपनीची गाडी घेऊन एकटी लांबच्या रस्त्याला लागणार, आणि तिच्या शेजारच्या सीटवर मी नसणार, ही भीती होती. तिने परवाना काढावा म्हणून मी तिला शिकवत होतो आणि तिने जाऊ नये म्हणून ब्रेक दाबत होतो. घोड्याच्या पाठीवर हे असलं काही सुचणं बरं नाही, माणसाचं लक्ष उडतं.

लक्ष उडालं तेच बरं झालं. माझ्याखालून पेन्शनर अचानक वर गेला. गुडघ्याखालच्या दांडीला एवढी उंची कशाला हवी होती कोण जाणे. बहुधा इतके दिवस साठवलेल्या उड्या त्याने एकदम काढल्या. मी उठलो होतो की उडालो होतो ते सांगता येणार नाही. हात पुढे गेले आणि आयाळ मुठीत आली. शिरस्त्राण पुढे सरकून नाकावर बसलं आणि सगळीकडे अंधार झाला. त्या अंधारात काही काळ काहीच नव्हतं, आवाजही नव्हता. मग धाडकन जमीन आली, दोन-चार गचके बसले, आणि माझ्याखाली अजून घोडा होता.

मी चाचपडून खात्री केली. घोडाच होता.

पेन्शनर आपणहून लेकीपाशी जाऊन थांबला. मी शिरस्त्राण वर सारलं आणि पहिला प्रश्न विचारला, “पाय? पाय हलला का?”

लेक माझ्याकडे बघत होती. “पायाकडे मी बघितलंच नाही,” ती म्हणाली. “मी तुमचं तोंड बघत होते.”

“मग अटीचं काय?”

मॅडम मागून धावत आल्या होत्या. “पाय हलला की नाही ते सांगता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “रिकीब केव्हाच सुटली होती. पाय दोन्ही हवेत होते.”

लेकीने पेन्शनरच्या मानेवर थोपटलं, मग माझ्या गुडघ्यावर थोपटलं, दोघांनाही सारख्याच पद्धतीने. “उद्या सकाळी किती वाजता निघायचं, बाबा?” तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही माझ्या गाडीत बसलो. ती चाकामागे, मी शेजारी. मी आधी चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घालून बसलो, उजवा पाय तळाला. गाडी दुकानासमोरून निघाली तेव्हा समोरचा दारात उभा होता. मी त्याला हात केला. त्याने माझ्या मांडीकडे पाहिलं, आणि त्याचा हात अर्ध्यावर राहिला.

बाजाराच्या कोपऱ्यावर एक दुधाची गाडी मागे न बघता उलटी आली. माझ्या बुडाखाली पाय धडपडायला लागला. मी हातांनी डॅशबोर्ड धरला, पुढे झुकलो आणि दुधाच्या गाडीच्या पलीकडे बघायला लागलो. पलीकडे एक कुलपांचं दुकान होतं. त्या दुकानाची पाटी मला आज तोंडपाठ आहे. मग एक हलका झोका आला आणि आमची गाडी थांबली, दुधाच्या गाडीपासून चांगली हातभर अलीकडे.

“बाबा,” लेक म्हणाली, “मी लावला.”

“बघितलं.”

“तुम्ही तर कुलपं बघत होतात.”

मी डॅशबोर्डला थोपटलं. यंत्राला शाबासकी लागत नाही हे मला ठाऊक आहे, पण हात रिकामा होता.

परीक्षेच्या दिवशीही मी परवाना कार्यालयापर्यंत मांडी घालूनच गेलो. तिथे पोहोचलो तेव्हा दोन्ही पायांना इतक्या मुंग्या आल्या होत्या की मला उतरताच येईना. निरीक्षक आणि लेक अशा दोघांनी मला दोन बाजूंनी धरून बाकावर नेऊन बसवलं. निरीक्षकांनी हळू आवाजात तिला विचारलं, “कधीपासून आहे हे?” ती म्हणाली, “आता बरे आहेत.” मग ती गाडी घेऊन निरीक्षकांबरोबर गेली. परत आली तेव्हा निरीक्षक मान डोलावत होते. ते मला म्हणाले, “आज एकदाही माझ्याकडे बघितलं नाही हो. मला थोडं एकटं वाटलं.”

मॅडमही पुढच्या खेपेला पास झाल्या. त्या अजून गतिरोधकावर किंचित उठतात, पण आता मी त्यावर काही बोलत नाही. पेन्शनरकडे मी अजूनही आठवड्यातून एकदा जातो. दात पडलेल्या मुलीला नवे दात आले आहेत आणि ती आता माझ्यापेक्षा उंच दांडीवरून जाते. पाटीवरचा ‘खात्रीशीर’ हा शब्द मी पुसला नाही, नुसता जरा बारीक करून घेतला.

लेक गेली त्या सकाळी कंपनीची पांढरी गाडी दारात उभी होती. वरचे काका आणि शेजारच्या काकू खाली आल्या होत्या. काकांनी तिला लांबच्या प्रवासात घोड्याला पाणी केव्हा पाजायचं ते सांगितलं. हिने डबा दिला, पाण्याची बाटली दिली आणि पुन्हा डबा दिला. मी आरसे पुसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसले. मग पुसायला काही उरलं नाही आणि लेक बसली.

“बाबा, सही तुमची पालक म्हणून माझी आहे,” ती काच खाली करून म्हणाली. “पडलात तर मला कळवतील. तेव्हा जपून.”

गाडी निघाली. रस्ता सरळ होता, कोपरा लांब होता. आम्ही दोघं फाटकाशी उभे होतो. कोपऱ्यावर गाडीचे मागचे लाल दिवे लागले आणि गाडी थांबली. ती डावीकडे बघत असणार, मग उजवीकडे. दिवे लागलेलेच होते. बराच वेळ लागलेले होते, निदान मला तरी तसं वाटलं.

हिने माझ्या पायाकडे पाहिलं. माझा उजवा पाय जमिनीत रुतेल इतका दाबलेला होता आणि चप्पल वाकडी झाली होती.

“सोडा आता,” ही म्हणाली.

मी पाय उचलला. कोपऱ्यावरचे दिवे विझले आणि गाडी वळली.